पांगाऱ्याची पोर

१

माझा नवरा कमलेश रात्रपाळीला असला की आमच्या घरात दिवसा रात्र असते. सकाळी तो कंपनीतून येतो, चहा पितो आणि आडवा होतो. तो उठेपर्यंत मी स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरते. सालवडला चाळीतली एकच खोली. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही, कुकर लावायचा नाही, बादलीत आधी फडकं टाकायचं म्हणजे नळाचं पाणी वाजत नाही. झोप झाली नाही तर मशीनवर त्याची मान लवते. एकदा त्याच्या बाजूच्या माणसाचा हात तसाच गेला, तेव्हापासून मला त्याच्या झोपेची फार भीती.

सगळ्यात अवघड म्हणजे हिमीला गप्प ठेवणं. हिमी म्हणजे हिमानी, आमची एकुलती एक. तिला तिसरं सरत आलंय.

मागच्या दारी पत्र्याची पडवी आहे. तिथं माझे सासरे, दादूबाबा, लाकूड कोरत बसतात. त्यांना कोणी शिकवलं नाही. जन्मभर कंपनीच्या गेटवर बसले. नोकरी सुटली तेव्हा एक दिवस सरपणातलं लाकूड उचललं आणि त्याचा बगळा केला, तेव्हापासून हात थांबलेला नाही. हत्यारंसुद्धा घरचीच, मोठे खिळे ठोकून चपटे केलेले. रंग लोकांच्या खिडक्या-दारं रंगवून उरलेल्या डब्यांतले. जो रंग मिळेल तो. म्हणून आमचा वाघ हिरवा असतो आणि नवरदेवाचा घोडा गुलाबी. पालघरच्या प्रदर्शनात लोक आधी हसतात, मग तेच घोडे घेऊन जातात.

गावाला आमच्या बांधावरचा पांगारा वाऱ्यानं पडला. बाबांनी त्याचं खोड टेम्पोत टाकून आणलं.

"हिमीला कोण खेळायला नाय," ते बोलले. "चाळीतली पोरं धक्के मारतात. तिला एक बहीण करून देतो."

त्यांनी हिमीला खोडाजवळ उभी केली आणि तिच्या डोक्यावर अंगठा टेकवून खूण केली. मग त्या खुणेएवढी पोर कोरली. पाय जुळलेले, हात अंगाला चिकटलेले, निळा फ्रॉक, काळे केस. नाक-डोळे हिमीसारखे नव्हते. कोणासारखेच नव्हते. ओठ मात्र मिटलेले होते, काहीतरी बोलायचं ठेवून गप्प बसलेल्या लेकराचे असतात तसे.

हिमीनं तिला मिठी मारली आणि तिच्या गालाला गाल लावला. दोघींची उंची एकच. मी मोबाइलवर फोटो काढला.

२

हिमीच्या कमरेचा करदोडा तेव्हा काचत होता. लेकरू वाढलं की काळा दोरा घट्ट होतो, मग बदलायचा. आमच्यात त्याची रीत आहे. नवा दोरा आधी बांधायचा, मग जुना सोडायचा, मधे लेकराची कंबर मोकळी राहता कामा नये. जुन्याला लोखंड लावायचं नाही, दातानं तोडायचा. आणि नव्याची गाठ मारताना आईनं म्हणायचं, "मोठी हो बाय, मोठी हो." माझ्या आईनं मला म्हटलं, तिच्या आईनं तिला.

मी बोईसरच्या बाजारातून दोरा आणला होता. कमलेश नुकताच झोपला होता. मी हिमीला पडवीच्या दारात उभी केली, फ्रॉक वर केला, तर तिनं दोरा हिसकला.

"आधी तिला."

"तिला नाय लागत गो. लाकडाची हाय ती."

"आधी तिला!"

तिनं भोकाड पसरायला तोंड उघडलं. आत कमलेशनं कूस बदलली, खाट करकरली. मी पटकन खाली बसले आणि तो दोरा त्या लाकडाच्या कमरेला गुंडाळला. दोन बोटं आत जातील इतका सैल, लेकराला बांधतात तसाच. हाताला तीच सवय.

"बोल ना," हिमी कुजबुजली.

"काय बोलू?"

"तू बोलतेस ते."

मी बोलले. मोठी हो बाय, मोठी हो. गाठ मारली. हिमी खुदकन हसली आणि शहाण्यासारखी गप्प झाली. मला बरंच वाटलं, खरं सांगते. रडणं नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत दोरा आणून हिमीला बांधला. तेच शब्द बोलले. पण बोलताना तोंडात चव नव्हती. सगळं वाढून झालेल्या भांड्यात परत पळी फिरवावी, तसं काहीतरी.

३

त्यानंतर दुपारी दात खाल्ल्याचा आवाज यायला लागला. करकर, मग थांबायचा, मग परत करकर. जंत झाले की लेकरं झोपेत दात खातात, म्हणून मी हिमीला वावडिंगाचं पाणी पाजलं. आवाज येतच राहिला.

एका दुपारी कमलेश भिंतीकडे तोंड करून घोरत होता. हिमी माझ्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं, लाळ माझ्या लुगड्यावर. आवाज आला. मी तिच्या गालावर बोटं ठेवली. जबडा हलत नव्हता.

आवाज पडवीच्या दाराशी होता. तिथं पांगाऱ्याची पोर उभी असायची.

मी हिमीला खाली ठेवून गेले. बाहेर बाबा बगळ्याला चोच कोरत होते.

"बाबा, ही वाजते."

"लाकूड बोलतंच. ओलं खोड होतं, सुकताना तडकतं."

तडकलेलं लाकूड फट् करून वाजतं, एवढं मला माहीत आहे. चूल पेटवणारी बाई मी. तरी मी तिच्या अंगावरून हात फिरवून चीर शोधली. पाठीला नाही, पोटाला नाही. कमरेशी आल्यावर करदोड्यात बोट घालून पाहिलं. बोट जाईना. नख पण जाईना.

"बाबा, दोरा घट्ट झालाय."

"सैल झाला असंल."

"घट्ट हाय. बघा तुमी."

ते उठून आले. त्यांनी अंगठ्यानं दोरा सरकवून पाहिला. तो हलला नाही. "वैशाख हाय," ते म्हणाले. "या उन्हात लाकूड आकसतं. दोरा सैलच व्हायला पायजे."

"हिमीनं तिला आंघोळ घातली होती. दोरा भिजून आकसला असंल."

"हां," ते पटकन बोलले. "दोराच तो."

मग ते बगळ्याकडे परत गेले, पण मी दारात होते तोवर त्यांची पटाशी काही चालली नाही.

४

हिमी जेवत नव्हती असं नाही. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भात, अंडं, सुक्या बोंबलाचं कालवण. संध्याकाळी भाकरी मागून खायची. सातपाटीची हिरामावशी टोपली घेऊन चाळीत मासे विकायला येते, तिनं एकदा पाहिलं आणि बोलली, "काय गो ही पोर! माझ्या खलाश्यांएवढी जेवते. जातं कुठं सगळं?"

ती हसली. मी पण हसले.

शिमग्याला घेतलेली चप्पल तेव्हा मुद्दाम मोठी घेतली होती. ती अजून फटक फटक वाजत होती. नवा करदोडा ओघळून तिच्या मांड्यांवर यायचा. मी गाठ आवळली, परत आवळली. अंगणवाडीत अर्चनाताईंनी तिला काट्यावर ठेवलं, काटा बघितला, मग मला बघितलं.

"घरी देतेस ना गो नीट खायला?"

बाजूला दोन बाया बसल्या होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. भर उन्हात मी हिमीला कडेवर घेऊन घरी आले. कडेवर काही घेतलंय असं वाटतच नव्हतं, म्हणून दर थोड्या वेळानं मी तिच्याकडे वळून बघत होते.

त्याच दिवशी मला तो पट्टा दिसला. पांगाऱ्याच्या पोरीच्या निळ्या फ्रॉकची किनार जिथं संपते तिथूनच पायांचा तपकिरी रंग लागतो. बाबांनी तो तसाच लावला होता, मी समोर बसले होते. आता निळ्याच्या खाली आणि तपकिरीच्या वर करंगळीएवढं उघडं लाकूड होतं. रंग उडालेला नव्हता, कडा अगदी साफ होत्या. लेकराला कपडा आखूड झाला की पाय दिसतात, तसा तो पट्टा.

दुसऱ्या सकाळी तिथं निळा रंग होता, ओला.

मग मनगटांशी पट्टा आला. मग मानेशी. प्रत्येक वेळी सकाळी रंग भरलेला असायचा. एक दिवस मी लवकर उठले, तर बाबा तिच्यासमोर उकिडवे बसून ब्रश फिरवत होते.  

"परत रंगवता, बाबा?"

त्यांनी मागं बघितलं नाही.

"रंग कमी पडतो," ते बोलले.

मी आत आले आणि चहा ठेवला. झाड तोडलं की त्याची वाढ संपते, एवढं सातवीपर्यंत शिकलेलीला पण कळतं. मी ते स्वतःला समजावत होते आणि चहा उतू गेला.

५

पाळी बदलायच्या आधी कमलेशला एक सुट्टी मिळाली. कितीतरी दिवसांनी त्याला उजेडात जागा बघितला. तो पडवीत गेला, विडी पेटवायला म्हणून, आणि तिथूनच ओरडला, "बाबा, तू दुसरी पण बनवलीस? आणि जुनी कुठं गेली?"

मी आतून ऐकलं. बाबा ब्रश धुतच राहिले.

"ही चांगली झालीय. पहिलीपेक्षा मोठी हाय. प्रदर्शनवाल्यांना हीच देऊ. हिमीला लहानी राहू दे."

मी मोबाइल घेऊन बाहेर गेले. तो पहिल्या दिवसाचा फोटो उघडून त्याच्यासमोर धरला. फोटोत दोघी गालाला गाल लावून. मग मी हिमीला आणून तिच्याजवळ उभी केली. हिमीचं डोकं तिच्या खांद्याशी लागलं.

कमलेशनं फोटो पाहिला, मग त्या दोघींना पाहिलं. फोटोत फ्रॉकवर बाबांच्या बोटाचा एक ठसा उठलाय, ओल्या रंगातला. तोच ठसा समोर होता. पण मधे लांबलेला.

"फोटो वाकडा काढलास तू," तो म्हणाला.

"बरं."

"वाकडाच हाय. खालून काढलं का माणूस उंच दिसतं."

"ही पण त्याच फोटोत हाय ना? मग हिमीच एकटी उंच कशी दिसंल?"

तो माझ्यावर खेकसला. "काय म्हणायचंय तुला? बोल ना सरळ!"

 तोंडानं बोलले असते तर ते खरं झालं असतं. त्यानं विडी विझवली, लाकडाच्या पोरीला उचलून बाजूला ठेवायला वाकला, आणि तसाच थांबला. पांगारा किती हलका असतो. त्याचं खोड तर बाबांनी एकट्यानं टेम्पोतून उतरवलं होतं. कमलेशनं दोन्ही हात तिच्या काखेत घातले, जोर लावला, थोडी उचलली आणि हळूच खाली ठेवली. मग हात विजारीला पुसले.

"विकू नको," तो बाबांना बोलला. "पण घरात पण नको."

आणि शर्ट अडकवून बाहेर निघून गेला.

६

त्या संध्याकाळी हिमी भाताचा घास तोंडात धरूनच झोपली. मी बोट घालून घास काढला. गळ्याची हाडं वर आली होती. मी पडवीत गेले आणि बाबांच्या पायाशी बसले.

"तो दोरा तोडा."

"मी तोडायचा नाय. तू बांधलास."

"मग मी तोडते. आत्ता."

"इथं तोडलास तर ती इथंच राहील, नवसे," ते मला नावानं हाक मारून बोलले.

पहिल्यांदाच त्यांनी तिला लाकूड न म्हणता 'ती' म्हटलं. मी कंदिलासारखा मोबाइलचा उजेड तिच्या कमरेवर धरला. दोरा लाकडात रुतला होता. त्याच्या वर आणि खाली रंग फुगून आला होता, घट्ट नाडीच्या दोन्ही बाजूंना पोट येतं तसा.

"तुमीच केली तिला," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "तुमाला माहीत असंल काय करायचं."

"मी खुणेएवढीच कोरली, पोरी. पुढचं माझ्या हातचं नाय." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तो हात एकदम मागं घेतला. "उद्या गावाला जाऊ. वेशीवर वाघोबा देवाचा कोरलेला फळा उभा हाय. लाकडाचाच हाय तो पण. त्याच्याजवळ ठेवू."

"मग हिमी?"

ते चादर आणायला उठले. लाकडाच्या आत करकर सुरू झाली होती.

७

सकाळी शेअरची इको गाडी पकडली. बाबांनी तिला चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली होती, हिमी माझ्या मांडीवर. मनोरच्या पुढं चढ लागला तेव्हा ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

"बाबा, तोंड तरी उघडं ठेवा लेकराचं. गुदमरंल."

बाबांनी चादर थोडी बाजूला केली. ड्रायव्हरनं परत आरशात बघितलं. त्यानंतर तो आमच्याशी एक अक्षर बोलला नाही.

गावाच्या अलीकडे उतरलो. सूर्य डोक्यावर होता, शेतं कोरडी, पेरणीआधी भाजलेल्या राबाची राख पायाखाली. माणूस नव्हतं. मोहाच्या झाडाखाली वाघोबाचा शेंदूर लावलेला फळा उभा होता, वर सूर्य-चंद्र कोरलेले, खाली वाघ. बाबांनी तिला पाठीवरून उतरवून त्याच्या बाजूला ठेवली आणि चादर काढली. रात्रीतून मान परत उघडी पडली होती. तिथं रंग नव्हता, नुसतं गोरं लाकूड.

मी हिमीला बाबांकडे दिली आणि गुडघ्यांवर बसले. तोंड तिच्या कमरेशी नेलं. मला ऑइलपेंटचा वास येईल असं वाटलं होतं. आला तो वास झोपून उठलेल्या लेकराच्या पोटाचा. मी डोळे मिटले आणि दोरा दातात धरला. तो इतका आत होता की दात लाकडाला लागले. लाकूड दबलं.

दोरा तुटला. कोणीतरी श्वास सोडला. मी सोडला असेन.

"चल," बाबा म्हणाले.

मी हिमीला घेतलं आणि निघाले. बाबा पुढं, मी मागं, हिमीचं तोंड माझ्या खांद्यावरून मागं. दहा-वीस पावलं गेलो असू. माझा हात दुखायला लागला. मी हिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. थोडं चाललो, परत दुखायला लागला. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी चालता चालता हसायलाच लागले. हिमी जड झाली होती. कंबर मोडेल अशी जड. तिची मांडी माझ्या पंजात मावत नव्हती. मी तिचे मुके घेत सुटले.

"आई," ती माझ्या कानाशी म्हणाली. "ती बसली."

मी हसायची थांबले. बाबा पण थांबले. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"आई, ती खाली बसली."

"मागं नको बघूस, बाय."

"ती रडते."

मला काही ऐकू येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. वाळलेल्या पानांचा आवाज होता, लांब कुठंतरी होला पक्षी घुमत होता. वेशीवर वारा असतोच. मी दात आवळले आणि पाय उचलले. मग मागून आवाज आला. लहान, कोरडा, पहिल्यांदाच तोंड उघडल्यासारखा.

मी वळले नाही. कोणाची शपथ घालाल त्याची घेते, मी वळले नाही. पण माझ्या छातीत कळ आली, दोन्हीकडून, मला ओळखीची. हिमीचं दूध तोडून वर्ष उलटलं होतं. पोलकं भिजलं. भिजून पोटावर ओघळ आला. मी हिमीला घट्ट धरून चालत राहिले आणि ते दूध थांबेचना, आवाज मागं बारीक होत गेला तरी थांबेना.

रस्त्याला लागलो तेव्हा बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्याकडे न बघता हात मागं केला.